पहिला ठिपका खाली का होता

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला खाणीतले गमतीदार अनुभव लिहायला सांगितले. असे अनुभव माझ्याकडे पोत्याने आहेत. ड्रिलिंगच्या तंबूत शिरलेलं अस्वल, मॅंगनीजचा काळा गुळगुळीत दगड देव म्हणून पुजायला नेणारे सरपंच, बुटांना माती लागू नये म्हणून जीपमधूनच खाण पाहून गेलेले दिल्लीचे साहेब. लग्नाच्या पंगतीत आणि निवृत्तांच्या कोजागिरीत हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की शेवटचं वाक्य आता माझी बायकोच माझ्या आधी म्हणून टाकते. म्हणून या वेळी कधीच न सांगितलेला अनुभव लिहितो. त्यात हसण्यासारखं थोडं आहे. लाज वाटण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ती लाज माझी एकट्याची आहे.

नागपूरच्या एका खनिज सर्वेक्षण कचेरीत मी भूवैज्ञानिक होतो. कचेरीचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा नाही. आमचं काम सांगायला सोपं. जमिनीत ठरावीक अंतरावर खोल भोकं पाडायची, त्यातून दगडाची लांब कांडी वर काढायची, तिचे अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात किती मॅंगनीज आहे ते प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचं. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंतच्या जमिनीत काय आहे ते कोणीच पाहिलेलं नसतं. त्या न पाहिलेल्या जमिनीबद्दल ठामपणे बोलण्याचा आम्हाला पगार मिळायचा.

हे ठामपणे बोलणं ज्यावर उभं असतं त्याला व्हेरिओग्राम म्हणतात. नाव भारी आहे, गोष्ट विहिरीची आहे. तुमच्या विहिरीचं पाणी गोड असेल तर शेजारच्या विहिरीचंही बहुधा गोडच निघतं. पाच शेतं ओलांडली की खात्री कमी होते. कोसभर गेलात तर तुमच्या विहिरीवरून तिथलं काहीच सांगता येत नाही. ही खात्री किती अंतरावर किती विरते, ते मोजायचं. त्यासाठी नमुन्यांच्या जोड्या लावायच्या. अर्ध्या मीटरवरच्या सगळ्या जोड्यांमधल्या फरकांची सरासरी काढली की कागदावर पहिला ठिपका पडतो. एक मीटरवरच्या जोड्यांचा दुसरा ठिपका. असे ठिपके चढत जातात आणि पुढे एका उंचीवर सपाट होतात.

पण नुसत्या ठिपक्यांवर पुढचं गणित चालत नाही. त्यांच्यामधून एक गुळगुळीत वक्र बसवावा लागतो, आणि सगळी मेख तिथेच असते. वक्र शून्यातून निघाला तर त्याचा अर्थ, जवळजवळचे नमुने सारखेच आहेत, माल सलग आहे, बिनधास्त खणा. वक्र जमिनीपासून उडी मारून वरूनच निघाला तर त्याचा अर्थ, हातभर अंतरावरही माल बदलतो आहे, जपून. आम्ही पूर्वी हा वक्र ग्राफ पेपरवर पेन्सिलीने, डोळ्यांच्या अंदाजाने काढायचो. आणि प्रत्येकाला स्वतःचाच वक्र सुंदर दिसायचा.

मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कचेरीत कॉम्प्युटर आला. नागपूरच्या मे महिन्यात आम्ही ओल्या टॉवेलने मान पुसत बसायचो आणि त्याच्यासाठी मात्र थंड खोली. चपला-बूट बाहेर काढायचे. तो बसवायला आलेल्या इंजिनिअरने आत पाणी सांडायला मनाई केली होती, म्हणून नारळ उंबऱ्याबाहेर फोडला. आमच्या संचालकसाहेबांच्या मोज्याला भोक असायचं, त्यामुळे पहिले सहा महिने ते त्या खोलीत गेलेच नाहीत. दारातूनच विचारायचे, "सब ठीक चल रहा है?"

त्या खोलीत खऱ्या अर्थाने काम करणारी व्यक्ती एकच होती, कुंदा गजभिये. विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी., पद संगणन सहायक, तेही तात्पुरतं, दर मार्चमध्ये संपणारं. तिचे वडील कापड गिरणीत विणकर होते. छप्पन सालच्या दीक्षेला ते ऐन तारुण्यात गेले होते आणि मुलीने शिकायचं हे त्यांनी स्वतःच्या लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं, असं ती हसत सांगायची. शाळेतली पक्की होऊ घातलेली नोकरी सोडून ती आमच्याकडे आली, कारण तिला कॉम्प्युटरवर काम करायचं होतं.

तिने वर्षभर खपून वक्र बसवण्याचा एक प्रोग्राम लिहिला होता. तो रुंद कागदावर ठिपक्यांच्या जागी चांदण्या छापायचा. आपण एक वक्र सुचवायचा, तो त्यावरून छापून द्यायचा. पाहायचं, बदलायचं, पुन्हा छापायचं. काम सावकाशीचं. शिवाय प्रत्येक ठिपक्याखाली त्यात कोणकोणत्या नमुन्यांच्या जोड्या आहेत त्याची लांबलचक यादी यायची.

"एवढी यादी कशाला?" मी एकदा विचारलं. "कागद किती जातो!"

"ठिपका म्हणजे सरासरी असते ना, सर," ती म्हणाली. "त्या सरासरीत कोण कोण येऊन बसलं आहे, ते पाहिल्याशिवाय मी वक्र नाही बसवत."

त्याच सुमारास मुंबईच्या एका कंपनीचा माणूस टाय लावून आला. त्याच्याकडे परदेशी सॉफ्टवेअर होतं. आकडे भरा, एक कळ दाबा, वक्र आपोआप बसतो, तोही रंगीत. "साहब, इसमें आदमी का हाथ ही नहीं लगता, तो गलती कहाँ से होगी?" असं म्हणून त्याने कळ दाबली. पडद्यावर हिरवी रेघ सर्रकन ठिपक्यांतून गेली. संचालकसाहेब त्या दिवशी नवे मोजे घालून आले होते. ते नुसतेच "वा" म्हणाले.

दोन्हींपैकी एक निवडायचं होतं. संचालकांनी मला दोघांची चाचणी घेऊन टिपण लिहायला सांगितलं, आणि हेही सांगितलं की घरचा प्रोग्राम घेतला तर तो चालवायला प्रोग्रामरचं पक्कं पद लागेल, आणि ते गजभियेंनाच मिळेल. बाहेरचा घेतला तर कंपनी आमच्या अधिकाऱ्यांना शिकवील, पद लागणार नाही. म्हणजे माझ्या टिपणावर कुंदाची नोकरी टांगलेली होती. तिला ते माहीत होतं, मलाही.

खरं सांगतो, मी तिच्याच बाजूचा होतो. टिपणाचा कच्चा मसुदाही तसाच लिहिला होता. चाचणीसाठी आकडे निवडताना मी मोठ्या अभिमानाने माझ्या पहिल्या कामाचे आकडे दिले. तुमसरच्या पलीकडे साठच्या दशकात मी नवखा असताना जिथे भोकं पाडली, तो मॅंगनीजचा पट्टा. तिथे आता खाण सुरू व्हायची होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

कंपनीच्या सॉफ्टवेअरने दहा मिनिटांत वक्र बसवला. थेट शून्यातून निघालेला, डौलदार. माल सलग आहे, बिनधास्त खणा. कुंदाने दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या खोलीत आली. हातात कागदांची घडी.

"सर, बिझी आहे का?"

"ये, बस."

"पहिला ठिपका लय खाली येऊन राहिला आहे," ती कागद पसरत म्हणाली. "म्हणून वक्र शून्यातून जाते. पण मॅंगनीज इतकं शहाणं नसते, सर. मग मी जोड्या पाहिल्या. पहिल्या ठिपक्यात चाळीस जोड्या आहेत. त्यातल्या सव्वीस जोड्यांत फरक शून्य. दशांश चिन्हाच्या पुढंही शून्य. अन् सगळ्या चारच भोकांतल्या."

"प्रयोगशाळेची चूक असेल."

"मलेही तसंच वाटलं. म्हणून प्रयोगशाळेचे जुने कागद काढले. त्यांच्याकडे ते नमुने गेलेच नाही." तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "नमुन्यांच्या वहीवर सही तुमची आहे, सर. तुम्हाले आठवते का, तिथं काय झालं होतं?"

मला आठवत होतं. विसरलो होतो असं मी स्वतःला वीस वर्षं सांगत आलो होतो, पण तिने विचारल्याबरोबर तंबूतल्या, दगडाच्या कांड्या ठेवायच्या पेट्यांसकट सगळं आठवलं.

त्या चार भोकांत मधूनच दगडाची कांडी यायची थांबायची. जमीन मऊ लागली की ड्रिलच्या पाण्याबरोबर माल वाहून जायचा आणि पेटीत रिकामी जागा राहायची. आमचे ड्रिलिंग मिस्त्री सुखदेव. भला माणूस. मी त्यांच्यावर चिडलो तेव्हा ते म्हणाले होते, "माती लागली साहेब. पान्यासंगं वाहून गेली. आता म्या कोठून आनून देऊ? लिहून टाका ना, माल भेटला नाही म्हनून."

लिहून टाकायला हवं होतं. पण आमच्यात दोन वह्या असायच्या, पेन्सिलीची कच्ची आणि शाईची पक्की. पक्क्या वहीत रकाना रिकामा दिसला की मुख्य कचेरीतून खुलाशाचं पत्र यायचं, आणि माझी नोकरी नवी होती. दगडाच्या वर्णनाच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' म्हणून डिट्टोची दोन टिंबं मारायची आमची सगळ्यांचीच सवय. वर काळा कठीण दगड, खालीही तसाच, मग मारा डिट्टो. कच्च्या वहीत त्या रिकाम्या जागांपुढे मी टिंबं मारली, आणि त्याच ओघात मॅंगनीजच्या टक्क्यांच्या रकान्यातही मारली. पुढे पक्की वही लिहायला बसलो तेव्हा तिथे टिंबं शोभेनात. मग वरचाच आकडा खाली उतरवला. एकदा, दोनदा, ओळीने तीनदाही. वर कठीण, चांगला माल होता. खाली वाहून गेलेली माती होती. मी मातीला चांगल्या मालाचे आकडे दिले आणि खाली 'पुराणिक' अशी झोकात सही केली.

परदेशी सॉफ्टवेअरला यातलं काही दिसलं नाही. त्याला ठिपके दिले, त्याने वक्र दिला. कुंदाला दिसलं, कारण ती यादी वाचायची.

हे सगळं मी तिला त्या क्षणी सांगू शकलो असतो. दार बंद होतं, खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे. पाहतो मी. कागद ठेवून जा."

"दुसरी कॉपी नाही आहे, सर."

"ठेवून जा म्हटलं ना."

ती ठेवून गेली. मी कागद ड्रॉवरमध्ये टाकले आणि कुलूप लावलं. एरवी त्या ड्रॉवरला मी कधी कुलूप लावत नसे.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, त्याचा पुढच्या चार दिवसांत मला पुरेपूर अनुभव आला. माझ्या बढतीची फाइल वर गेली होती. ही मुलगी मीटिंगमध्ये बोलणार, माझं नाव घेणार, वीस वर्षांची अब्रू चांदण्या छापलेल्या एका कागदापायी जाणार, याशिवाय मला काही सुचेना. आणि एक गोष्ट लिहायला हात अडखळतो, तरी लिहितो. मनात असंही आलं की गजभियेंच्या पोरीने पुराणिकांची चूक काढावी! मी सुधारलेल्या विचारांचा म्हणून कचेरीत ओळखला जायचो, जयंतीच्या कार्यक्रमात भाषणही करायचो. तरी ते आलं, आणि आलं तेव्हा मी ते झटकून टाकलं नाही.

मी मसुदा फाडून नवं टिपण लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'मानवी हस्तक्षेपास वाव नसलेली प्रणाली अधिक विश्वसनीय होय.' भाषा बघा किती स्वच्छ आहे.

मीटिंगला संचालक, प्रशासन अधिकारी, मी आणि दाराजवळच्या खुर्चीवर कुंदा. टिपण वाचून झालं. संचालक तिच्याकडे वळले. "गजभिये मैडम, आपको कुछ कहना है?"

ती उभी राहिली. बोलायच्या आधी तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मी टेबलावरचा ग्लास उचलला आणि सावकाश पाणी प्यायलो.

"पुराणिक सर ने सब देखा है," ती म्हणाली आणि खाली बसली.

मला सुटल्यासारखं झालं. हे लिहितानाही माझे कान तापतात, पण त्या वेळी खरोखर सुटल्यासारखंच झालं. परदेशी सॉफ्टवेअर घेतलं गेलं. मार्चमध्ये तिचं पद संपलं. तिने प्रोग्रामची माहिती स्वच्छ अक्षरात लिहून दिली, ती भांडारात गेली. निरोप समारंभात तिच्या हुशारीबद्दल मीच बोललो. त्याच वर्षी मला बढती मिळाली.

तीन वर्षांनी खाण त्या पट्ट्यापर्यंत पोचली. वरची माती-दगड काढण्यात कित्येक महिने गेले होते. सॉफ्टवेअरच्या नकाशावर जिथे सलग काळा पट्टा होता, तिथे मी उभा होतो आणि खाणीचा फोरमन मूठभर पिवळट चिखल माझ्यापुढे धरून म्हणत होता, "साहेब, हे तं निरी माती हाय. कोनं सांगतलं इथं माल हाय म्हून?"

चौकशी झाली. अहवाल लिहायचं काम ज्येष्ठ म्हणून माझ्याकडेच आलं. मी कारण लिहिलं, 'भूगर्भीय अनिश्चितता'. आमच्या धंद्यात हा शब्द देवासारखा आहे. कशाचंही खापर त्याच्यावर फोडा, तो काही बोलत नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी नागपुरातल्याच जरीपटका भागात गेलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. कुंदा आता एका हायस्कूलमध्ये गणित शिकवत होती. चटईवर बसून उत्तरपत्रिका तपासत होती. तिच्या आईने चहा आणला, "बसा जी, साहेब" म्हणाली, आणि आत गेली. मी चहाला हात न लावता सगळं सांगितलं. माती, टिंबं, पक्की वही, कुलूप, टिपण, आता निघालेला चिखल. ऐकता ऐकता तिने लाल पेनचं टोपण लावून ठेवलं.

"मले माहीत होतं, सर," माझं संपल्यावर ती म्हणाली. "चार भोकांची कच्ची वही मी भांडारातून काढून पाहिली होती. टिंबं पाहिली होती."

"मग मीटिंगमध्ये बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होती? तात्पुरती बाई, त्यात आम्ही. साहेबावर आळ घेते, असंच झालं असतं ना." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "अन् मले तुमचं नाव घ्यायचंच नव्हतं, सर. त्या दिवशी मी तुमच्याकडे परवानगी मागायले आली होती. ते सव्वीस आकडे काढून टाकू का, एवढंच विचारायचं होतं. काढले असते की वक्र वरून निघाला असता. कोणाले काही कळलं नसतं."

मी गार झालेल्या चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तुम्ही म्हणाले, पाहतो मी," ती म्हणाली. "मले वाटलं, तुम्ही स्वतःच काढसान. मी वाट पाहिली."

"किती दिवस?"

"मीटिंग संपेपर्यंत."

मग तिने पेनचं टोपण काढलं आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली. मी उठलो तेव्हा तिने वर न पाहता विचारलं, "सर, ते आकडे वहीत अजून तसेच आहे का?"

मी हो म्हणालो.

"आता तरी खोडा. उद्या कोणी नवीन माणूस त्याच्यावरच काम करंन."

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी पक्की वही मागवली आणि सव्वीस आकडे लाल शाईने खोडले. समासात शेरा लिहिला, 'नमुने अप्राप्त. संगणकीय तपासणीत आढळून आले.' खाली तारीख आणि सही. लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं, आपण एक धाडसाचं काम केलं असंही वाटलं. तो शेरा अर्धवट आहे हे माझ्या ध्यानात यायला आणखी किती वर्षं गेली, ते मी मोजलेलं नाही. वही आता कुठल्या भांडारात आहे तेही मला माहीत नाही, म्हणून तो इथे पुरा करतो. ते कुंदा गजभिये यांना आढळून आलं होतं, आणि ते खोटे आकडे मी लिहिले होते.